शांतता समितीची कचोरी

माळव्यात देव एकटा फिरत नाही. तो निघाला की त्याच्या वाटेवर दर पन्नास पावलांवर एक मंच उभा राहतो. चार बांबू, वर कापड, मागे फ्लेक्स, पुढे पाकळ्यांची पाटी आणि बाजूला सरबताची टाकी. याला म्हणायचं स्वागतमंच. मिरवणूक महावीरांची असो, गुरू नानकांची असो, पैगंबरांच्या जन्मदिनाचा जुलूस असो, झूलेलाल असोत की बाबासाहेब, बांबू तेच असतात आणि पुष्कळदा मंचावरची माणसंही तीच. मिरवणूक एका धर्माची, मंच दुसऱ्याचा, सरबत तिसऱ्याचं आणि मागे रस्त्यावर उरलेले प्लास्टिकचे पेले सगळ्यांचे. उज्जैनमध्ये सर्वधर्मसमभाव म्हणून जे काही आहे ते असं रस्त्यावर, उभ्याउभ्या आणि चिकट हातांनी पार पडतं.

फ्लेक्सचे नियम ठरलेले आहेत. ज्याचा उत्सव त्याचं चित्र वर, मध्यभागी, पासपोर्ट आकारात. खाली स्वागत करणारे, एकेकाचं डोकं देवाच्या दुप्पट. ‘स्वागतोत्सुक’ या शब्दाखाली मी चोवीस फोटो दाटीवाटीने बसलेले पाहिले आहेत. त्यातल्या दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद होतं, पण फ्लेक्सवर ते खांद्याला खांदा लावून होते. फोटो कसा असावा याचंही शास्त्र आहे. हात जोडलेला फोटो जुलूसच्या मंचावर जरा अवघडून बसतो, आदाब करतानाचा महाकालाच्या सवारीच्या मंचावर. म्हणून मुरलेला कार्यकर्ता मोबाईल कानाला लावलेला फोटो देतो. तो कुठल्याही धर्माला चालतो.

पण मंचाचा खरा मालक असतो माईकवाला भिया. माळव्यात प्रत्येक पुरुष प्रत्येक पुरुषाला भियाच म्हणतो, पण या भियाची योग्यता वेगळी. त्याला गावातले सगळे नमस्कार तोंडपाठ असावे लागतात. जय महाकाल, जय जिनेंद्र, सत श्री अकाल, अस्सलाम आलेकुम, जय झूलेलाल, जय भीम हे सगळं तो एका दमात म्हणतो, कारण एखादा सुटला तर रात्री घरी फोन येतो. महावीर जयंतीच्या मिरवणुकीला एकदा उत्साहाच्या भरात त्याच्या तोंडून ‘नारा-ए’ एवढं निघून गेलं. क्षणभर सगळा चौक त्याच्याकडे बघत राहिला. त्याने श्वास घेतला आणि पुढे ‘जय जिनेंद्र’ जोडून टाकलं. पालखीबरोबर चालणाऱ्या म्हाताऱ्या जैन काकांनी शांतपणे ‘जय जिनेंद्र’ म्हणून सरबताचा पेला परत केला. त्यांना सरबतात केवडा नको होता. तक्रार तेवढीच.

या मंचांचा मोठा हंगाम श्रावणात. श्रावणी सोमवारी दुपारी चारला महाकाल पालखीतून शहर बघायला निघतात. दारात पोलिसांची सशस्त्र सलामी होते, पोलीस बँड पुढे लागतो आणि राजाची स्वारी गुदरी, बक्षी बाजार, कहारवाडी करत रामघाटावर शिप्रेला भेटते. परतीच्या वाटेवर कार्तिक चौक, ढाबा रोड, टंकी चौक, छत्री चौक, गोपाल मंदिर, पटनी बाजार. या गल्ल्यांमधून एरवी दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. तिथून राजा, हत्ती, भजनी मंडळं आणि पाऊण जिल्हा जातो.

आता सोमवार किती? इथे एक मराठी भानगड आहे. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे हिंदी श्रावण आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो आणि पंधरा दिवस आधी आटपतो. दुसऱ्या एखाद्या गावात यावरून दोन तट पडले असते, दोन सवाऱ्या निघाल्या असत्या आणि निकाल अजून लागायचा असता. उज्जैनमध्ये सवारी हिंदी श्रावणाच्या पहिल्या सोमवारी सुरू होते आणि मराठी श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी थांबते. कुणाचा श्रावण खरा, हा प्रश्न न सोडवता दोन्ही श्रावण चालवून घेतले. देवालाही दोन आठवडे जास्त फिरायला मिळालं.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण हिजरी वर्ष ३५४ दिवसांचं. आपलं चांद्रवर्षही तेवढंच, पण आपण तीनेक वर्षांनी अधिक महिना घालून ते ऋतूंशी जुळवून घेतो. हिजरी पंचांगात ती सोय नाही. ते दरवर्षी दहाअकरा दिवस मागे सरकतं आणि साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंची विचारपूस करून येतं. म्हणजे चंद्र एकच, पण त्याच्या दोन वह्या. २०२३ साली अधिक श्रावण आला, महाकालाच्या दहा सवाऱ्या निघाल्या आणि त्यांच्या मध्येच २९ जुलैला मोहरमचा दहावा दिवस आला. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी पडली. मुंबईतल्या मुसलमान मंडळींनी आपला जुलूस दुसऱ्या दिवसावर नेला, तेव्हा कुठे बाप्पाला निवांत जाता आलं.

उज्जैन हे खरं तर काळाचंच गाव. भारतीय ज्योतिषाचा शून्य रेखांश इथून जायचा. सवाई जयसिंहाने बांधलेली वेधशाळा अजून उभी आहे आणि तिच्या सम्राटयंत्रावर सावली बघून वेळ सांगता येते. सगळ्या ग्रहांचा पत्ता तिथे लागतो. फक्त महाकालाची पालखी आणि मोहरमचा ताजिया एकाच आठवड्यात एकाच चौकातून जायचे असतील तर आधी मंडप कुणाचा, हे तिथे कळत नाही. त्यासाठी शांतता समिती आहे.

आमच्या घरातले काका या समितीत मराठी समाजाचे प्रतिनिधी आहेत आणि त्यांना कमी ऐकू येतं म्हणून मी त्यांच्याबरोबर जातो. बैठक एका सरकारी सभागृहात असते. सभासद असे: शहरातले काझीसाहेब, दोन मंदिरांचे पुजारी, जैन सेठ, बोहरा सेठ, सिंधी पंचायतीचे अध्यक्ष, गुरुद्वाऱ्याचे ज्ञानीजी, मूळचे केरळचे फादर, आखाड्यांचे उस्ताद, व्यापारी संघाचे तीन अध्यक्ष (संघ एकच) आणि माईकवाला भिया. शिवाय अधिकारी. अधिकारी दर दोनतीन वर्षांनी बदलतात. सभासद मृत्यूनेच बदलतात.

प्रत्येक नवा अधिकारी बोलायला उभा राहिला की आधी उज्जैनच्या गंगा-जमुनी तहजीबचा गौरव करतो. इथली नदी शिप्रा. तिच्यात पाणी राहीना म्हणून २०१४ साली नर्मदेचं पाणी उपसून नळांनी तिच्यात सोडलं. गंगा आणि यमुना यांचा या गावाशी संबंध आला तो एवढ्या भाषणापुरताच. पण कुणी दुरुस्ती करत नाही. पाहुण्याच्या ताटात मीठ जास्त पडलं तरी बोलायचं नसतं.

मग चहा आणि कचोरी येते. ही कचोरी साधी समजू नका. तिच्यात कांदा-लसूण नको, कारण जैन सेठ. बटाटा नको, तेही जैन सेठ. सोमवारी ठेवली तर पुजारी आणि निम्मे व्यापारी उपाशी. त्यांच्यासाठी साबुदाण्याची खिचडी, तीही इथल्या पद्धतीने वर शेव आणि फराळी मसाला मारून. रमजानमध्ये बैठक आली तर प्रश्न आणखी नाजूक. जैन सेठ सूर्यास्ताआधी खाणार, काझीसाहेब सूर्यास्तानंतर. दोघांना एकाच मिनिटाला घास घेता येईल अशी सोय सूर्याने केलेली नाही. २०२५ साली धुळवड रमजानमधल्या शुक्रवारी आली, तेव्हा फादरांचाही उपवासकाळ चालू होता. त्या बैठकीत कचोऱ्यांची परात मध्यभागी तशीच राहिली आणि शांततेवर दीड तास चर्चा झाली. अखेर ज्ञानीजींनी समाजाच्या वतीने दोन खाल्ल्या. मुगाच्या डाळीची, बिनकांद्याची, मंगळवार ते गुरुवारात दुपारी साडेचारची कचोरी हा या शहरातला सर्वात काळजीपूर्वक घडवलेला करार आहे, आणि तो कुणी कागदावर लिहिलेला नाही.

बैठकीत बोलतात काय? पहिलं वाक्य सगळ्यांचं एकच: ‘अपने शहर में तो हमेशा से भाईचारा रहा है.’ हे म्हटल्यावर बैठकच संपायला हवी. पण दुसरं वाक्य येतं ‘लेकिन साहब’ असं, आणि मग खरं कामकाज सुरू होतं. लेकिन साहब, चौकातली तार खाली आली आहे. ताजिया उंच, गणपती त्याहून उंच, आणि तार दोघांच्या मध्ये. मिरवणूक कुणाचीही असो, सर्वांत पुढे वीज कंपनीचा लाईनमन हातात लांब बांबू घेऊन तारा उचलत चालतो. आपण ज्याला पूज्य मानतो तो त्याच्यामागून येतो. लेकिन साहब, गटार उघडं आहे, पालखी उचलणाऱ्याचा पाय मागच्या वर्षी गेला होता, जुलूसमधल्या पोराचा त्याच्या आदल्या वर्षी. लेकिन साहब, मोकाट गाई. हा विषय निघाला की सगळे जण छताकडे पाहतात, कारण गाईवर काय बोलावं याचा सरावलेला नमुना कुणाजवळ नसतो. शेवटी फादर सांभाळून घेतात आणि मल्याळी वळणाच्या अतिशय शुद्ध हिंदीत म्हणतात, ‘पशुओं के विश्राम की व्यवस्था हो.’ इतिवृत्तात तसंच लिहिलं जातं.

डीजेच्या आवाजाबद्दल सर्वांचं एकमत असतं: दुसऱ्याचा कमी व्हावा.

आमचे काका बोलायला उठले की लोक घड्याळ बघतात. त्यांचं भाषण अठराव्या शतकात सुरू होतं आणि वर्तमानकाळापर्यंत कधी पोचत नाही. राणोजी शिंद्यांनी उज्जैनला ठाणं केलं, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी महाकालाचं मंदिर पुन्हा उभारलं, हरसिद्धीच्या अंगणातल्या दीपमाळा बघितल्या की कोकणातल्या देवळात आल्यासारखं वाटतं, १८१० साली दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली नसती तर आज... इथे काकांचा आवाज दाटतो. दोनशे वर्षांपूर्वी गेलेल्या राजधानीचं दुःख आमच्या घरात अजून ताजं आहे. बाकीचे समाज तारांबद्दल बोलतात, मराठी समाज राजधानीबद्दल.

काझीसाहेब हे भाषण अदबीने ऐकून घेतात आणि शेवटी एकच विचारतात, ‘और काका साहब, महादजी महाराज के गुरु कौन थे?’ काकांना हा प्रश्न बरोबर ऐकू येतो. ‘मन्सूरशाह,’ ते म्हणतात. ‘बीडचे.’ बीडच्या सूफी मन्सूरशाहांवर महादजींची निष्ठा होती, आणि दिल्लीच्या बादशहाला आपल्या शब्दावर चालवणारा हा सेनापती या फकिरापुढे वाकायचा. काका बसतात. पुढच्या बैठकीत ते भाषण पुन्हा करतात आणि काझीसाहेब प्रश्न पुन्हा विचारतात. या दोघांचं इतकं जमलेलं आहे की काका आजारी होते तेव्हा काझीसाहेबांनी आमच्या घरी येऊन अर्धं भाषण ऐकलं होतं. तसं हे गाव मराठी माणसाला आपल्या रीतीने मुरवून घेतं. इथे वाढलेले गजानन माधव मुक्तिबोध हिंदीत लिहीत राहिले आणि धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत. एका घरात दोन साहित्यं नांदली, त्यासाठी समिती नेमावी लागली नाही.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येते की बैठक सौहार्दपूर्ण वातावरणात पार पडली. ही बातमी कुठेतरी तयार करून ठेवलेली असावी, तारीख तेवढी बदलतात. फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघत असतात, काका सोडून.

या समितीला हसणं फार सोपं आहे आणि मी पोटभर हसतो. पण भिवंडीचं उदाहरण आठवलं की हसू आवरतं घ्यावं लागतं. तिथे १९७० आणि १९८४ साली मोठ्या दंगली झाल्या. १९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या बसवल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं, एक पोलीस आणि ठरलेली बैठक. विषय नळाचे, उधारीचे, सुनेच्या भांडणाचे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईनेही ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या काढल्या आणि पोलीस आणि मोहल्ल्यातली पोरं यांना एकत्र क्रिकेट खेळवलं. माझं वाचन असं की हे यश प्रेमाचं नाही, ते कंटाळ्याचं आहे. वर्षानुवर्षं एका खोलीत, एकाच पंख्याखाली, तेच भाषण ऐकत एकत्र कंटाळलेल्या माणसांना एकमेकांवर धावून जाणं जड जातं. समोरच्याचा दम लागलेला आवाज, त्याची साखरेची गोळी, त्याच्या मुलीचं लग्न कुठे अडलंय, हे सगळं माहीत झालेलं असतं. अनोळखी माणसाचा द्वेष करायला जो उत्साह लागतो तो उरत नाही.

उज्जैनमध्ये सगळं गोडीगुलाबीने चालतं असं मात्र नाही. कुणाच्या तरी मोबाईलवर पंधरा सेकंदांचा व्हिडिओ येतो आणि संध्याकाळपर्यंत चौकातली हवा बदलते. समितीचा व्हॉट्सॲप ग्रुप अशा वेळी उपयोगी पडतो. एरवी त्यावर गुलाबाची फुलं आणि सुप्रभात असतात. व्हिडिओ आला की बोहरा सेठ एकच ओळ टाकतात: ‘यह किधर का है?’ मग शोध सुरू होतो. दुकानाच्या पाटीवरची लिपी आपली नाही, पोलिसांची टोपी आपली नाही, पाऊस तर आपल्याकडे पडलेलाच नाही. बहुतेक वेळा तो व्हिडिओ दुसऱ्याच राज्यातला आणि चार वर्षांपूर्वीचा निघतो. मग पुन्हा गुलाब.

बाकी सलोखा बाजार सांभाळतो. देवळाच्या दाराची बिजागरी, कोयंडा आणि रंगाचा डबा बोहऱ्याच्या दुकानातून येतो. बोहऱ्यांचे दोन दाई, म्हणजे त्यांचे सर्वोच्च धर्मगुरू, अठराव्या शतकात याच शहरात वारले आणि त्यांचा संगमरवरी रौजा बघायला दूरदूरचे बोहरे येतात. त्यांच्या रिक्षा महाकालाच्या भक्तांच्याच रिक्षा, भाडंही तितकंच जास्त. झेंडे शिवणारा शिंपी एकाच मशीनवर आठवड्याला रंग बदलतो, आणि त्याला सण कुठला हे विचारलं तर कापडाचा थान बघून सांगतो. फूलवाल्याच्या वहीत सगळ्या मंचांची खाती शेजारीशेजारी आहेत. उधारी वसूल करताना तो कुणाला झुकतं माप देत नाही.

भैरवगढला तर हा व्यवहार बघायला मुद्दाम जावं. इथल्या कालभैरवाला मद्याचा नैवेद्य असतो. दाराशी २०२५ पर्यंत बाटल्यांची दुकानं होती, आत पुजारी बशीतून देवाला पाजतात आणि भक्त उरलेला प्रसाद घेऊन बाहेर पडतात. त्याच वस्तीत छिपा मंडळी, बहुतेक मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या मेण आणि रंग वापरून बाटिकची छपाई करतात. २०२३ मध्ये उज्जैनच्या या बाटिकला भौगोलिक मानांकन मिळालं. दर्शन घेऊन तरंगत आलेल्या एका भक्ताने चादर हातात घेऊन विचारलं, ‘चाचा, उतरेगा तो नहीं?’ म्हातारा रंगाऱ्या शांतपणे म्हणाला, ‘आपकी उतर जाएगी. इसकी नहीं उतरेगी.’ भक्ताने दोन चादरी घेतल्या.

सरकारचा सर्वधर्मसमभाव मोजपट्टीतून दिसतो. २०२८चा सिंहस्थ येतोय, त्यामुळे रस्ते रुंद होताहेत. २०२४ मध्ये के. डी. गेट ते इमली तिराहा हा रस्ता वाढवताना वाटेत आलेली मंदिरं हलली आणि मशिदींचेही भाग गेले. मोजणीवाला आला, त्याने लाल रंगाने फुली मारली. फुली कुणाच्या ओट्यावर मारायची हे फीत ठरवते. त्या आठवड्यात सगळ्या धर्मांचे लोक एकमेकांच्या ओट्यावर बसून ‘आपका कितना जा रहा है?’ असं विचारत होते. इतकी आपुलकी मी कुठल्याही सद्भावना यात्रेत पाहिलेली नाही.

आणि धर्म एक असला म्हणजे समितीची गरज संपते, असंही समजू नये. वैकुंठ चतुर्दशीच्या मध्यरात्री महाकाल पालखीत बसून गोपाल मंदिरात विष्णूला भेटायला जातात. हे मंदिर बायजाबाई शिंद्यांनी बांधलेलं, म्हणजे सभागृह पुन्हा आपलंच. चातुर्मासात विष्णू पाताळात बळीराजाकडे असतात, तेवढे महिने जगाचा कारभार शंकराकडे. तो परत सोपवायचा हा समारंभ. शंकराकडून विष्णूला बेलाची माळ, विष्णूकडून शंकराला तुळशीची. एरवी बेल इकडे आणि तुळस तिकडे चालत नाही, त्या रात्री अदलाबदल. सरकारी कचेरीत बदली झालेला साहेब नव्या साहेबाला चार्ज देतो तसाच प्रकार. फक्त इथे प्रलंबित फायलींचा उल्लेख कुणी काढत नाही. हरी आणि हर यांनाही वर्षातून एकदा पोलीस बंदोबस्तात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत भेटावं लागतं. बाहेर पोरं एकमेकांवर फटाके टाकतात, प्रशासन दरवर्षी त्यावर बंदी घालतं, आणि ती बंदीही आता सोहळ्याचा भाग झाली आहे.

कौतुक इथे थांबवतो, कारण समितीबद्दल एक तक्रार आहे आणि ती जुनी आहे. समितीत बाई नाही. एक नाव यादीत आहे, त्यांची सही त्यांचे यजमान करतात. तीसचाळीस पुरुष गटारावर, तारांवर, मोकाट गाईंवर बोलतात. यातल्या निम्म्यांनी पायी चालणं केव्हाच सोडलं आहे.

शहरातली खरी समिती दुपारी मिशनच्या शाळेच्या फाटकाशी भरते. सायरो-मलबार चर्चने उज्जैनला १९६८ पासून आपलं केंद्र केलं, तेव्हापासून केरळच्या सिस्टर इथल्या सगळ्या जातीधर्मांच्या पोरांना सारख्याच दमात रागावत आल्या आहेत. सुटीच्या आधी वीस मिनिटं फाटकापाशी स्कूटर लागायला लागतात. रंगीत रिदा घातलेली बोहरा आई, बुरख्यातली, पंजाबी ड्रेसमधली, साडीच्या पदरावर हेल्मेट घातलेली मराठी आई. विषय धर्माचा नसतो. व्हॅनवाला मुलं कोंबतो, गणिताच्या बाईंनी तिघांना एकच शेरा दिला, गुदरीकडून येताना गटार उघडं आहे तिकडून येऊ नको. कुणाची आई आली नाही तर तिचं मूल दुसरीच्या स्कूटरवर बसून घरी जातं, आणि डबा उरलेला असला तर वाटेत संपतो. गेल्या पावसात त्या उघड्या गटाराचं झाकण आलं ते समितीच्या ठरावामुळे नाही. फाटकाशी जमलेल्या आयांपैकी नऊजणी पोरांसकट वॉर्डाच्या कचेरीत जाऊन बसल्या आणि पोरांनी तिथली घंटा वाजवायला सुरुवात केली. झाकण तिसऱ्या दिवशी आलं. समितीने पुढच्या बैठकीत त्याबद्दल प्रशासनाचे आभार मानले.

म्हणून येणाऱ्या अधिकाऱ्याला आमची विनंती आहे. गंगा-जमुनीचं भाषण करा, कचोरी ठेवा, काकांना दहा मिनिटं द्या. पण समितीतल्या निम्म्या खुर्च्या या बायकांना द्या आणि बैठक शाळा सुटायच्या वेळेला ठेवू नका. सकाळी साडेनऊ ते अकरा त्यांना जमतं. आम्ही फाटकावर विचारून घेतलं आहे.